टोला

मारामारीतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगतो.
टेमा बंदरात एकतीस वर्षं कोकोच्या गोण्या मोजल्या.
आता बुकोममध्ये, एक शनिवार सोडून एक,
रिंगच्या कडेला पत्र्याच्या टेबलाशी बसतो,
डाव्या हातात घड्याळ, उजव्यात हातोडी.
तीन मिनिटं. टोला.
एक मिनिट. टोला.
एवढंच माझं मुष्टियुद्ध.

आठवडाभर गल्ली दोन तोंडांनी बोलत होती.
केंकी विकणारी देदे म्हणाली, सोवा.
सोवाला हात लावायचा तर आधी अर्ज करावा लागतो.
जाळी विणता विणता म्हातारा आताआ म्हणाला, ओब्ली.
भरती अर्ज करत नाही.

पहिल्या फेरीत सोवा पाहुण्याला घर दाखवावं तसा फिरला:
ही माझी डावी बाजू, इथे टेकू नका.
हा माझा जॅब, उंबऱ्याच्या अलीकडेच थांबा.
ओब्ली थांबला नाही.
नाकावर घेतला, पुढे आला.
कपाळावर घेतला, पुढे आला,
हनुवटी छातीत खुपसून, वाऱ्यात होडी ढकलणाऱ्यासारखा.

मी मोजणारा माणूस. सवयीने मोजलं.
दुसरीत सोवाचे एकोणीस बसले, ओब्लीचे चार.
तिसरीत सतरा आणि पाच.
चौथीत बावीस आणि पुन्हा चारच,
पण चारही बरगडीखाली, एकाच जागी.
ओली गोणी वरून कोरडीच दिसते.
पाठीवर घेतली की कळतं.

लोक सोवाच्या पायांना टाळ्या देत होते.
ओब्ली तेवढ्यात जागा खात होता.
आधी वीतभर. मग अजून वीतभर.
कुणाच्या घरात चार दिवसांसाठी आलेला दूरचा मेहुणा
जसा हळूहळू खाट, मग खिडकी, मग रेडिओ घेतो.
सहावीपर्यंत सोवाकडे एका चटईएवढी जमीन उरली.
त्या चटईवरही तो सुंदरच हलला,
हे मी शपथेवर सांगेन.

सातवी. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद.
सोवाने माझ्याकडे पाहिलं.

अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.
वेळ त्याच्या पोटऱ्यांतच असायची,
टोला पडायच्या आधीच तो आपल्या कोपऱ्यात पोचलेला असायचा.
आता त्याचे डोळे घड्याळावर,
शेवटच्या ट्रकपाशी हमाल पाहायचे तसे,
तोंड न उघडता: अजून किती?
त्यांना मी खोटं सांगायचो कधी कधी.
अकरा असल्या तरी पाच म्हणायचो.
माणूस पाचांसाठी उभा राहतो,
आणि एकदा उभा राहिला की अकराही उचलतो.

हातोडी हलकी असते. पाव किलोसुद्धा नाही.

तो कुठे पाहतोय, हे ओब्लीनेही पाहिलं.
डावा हात खालून आला, त्याच जागी.
सोवा वाकला, कुणी हाक मारल्यासारखा,
आणि एक गुडघा टेकवून बसला.
पडलेल्याचे आकडेही मलाच द्यावे लागतात,
टेबलावर तळहात आपटून.
एक. दोन. समुद्राकडून जनरेटरचा धूर येत होता.
पाच. सहा. माझा आवाज मलाच गोदामातला वाटला.
आठवर तो उठला.
दोन सेकंद उरले होते. ते मी पुरते जाऊ दिले.
टोला.

नंतरच्या तीन फेऱ्या तो कशावर उभा राहिला, माहीत नाही.
पंचांनी एका गुणाने त्यालाच जिंकवलं.
देदे म्हणाली, बघा.
आताआही म्हणाला, बघा.

खुर्च्या उचलत होते तेव्हा तो टेबलापाशी आला.
हाताच्या पट्ट्या अर्ध्या सुटलेल्या,
एक कोपर बरगडीला चिकटवलेलं.
पलीकडे ओब्ली तळलेला मासा
तोंडाच्या एकाच बाजूने चावत बसला होता,
दोन्ही डोळे सुजून बंद, तरी काटे बरोबर काढत.

"तेव्हा किती उरले होते?" सोवाने विचारलं.
"एकोणीस," मी म्हणालो.
तो घड्याळाकडे बघत राहिला, थांबलेल्या.
"मला पाच वाटले."